मागमूस

सकाळी सात ते साडेनऊ. त्यानंतर ऊन डोक्यावर चढतं
आणि वाळूतल्या पावलांच्या सावल्या पुसून जातात.
सावली नसलेलं पाऊल म्हणजे नुसती वाळू.
म्हणून चहा अर्धा टाकून निघायचं.
ड्वेन गाडीच्या टपावर फावडं बांधत असतो, तेव्हाच
थेल्मा नांगाला पुढच्या सीटवर बसलेली असते,
मांडीवर पाण्याची बाटली, एकाच पायात मोजा.

तनामीचं वाळवंट. दोन हेक्टरचा तुकडा. पंचवीस मिनिटं.
माझ्या हातात तक्ता: प्राणी, खूण कसली, आजची, कालची की जुनी,
आणि कडेला एक अरुंद रकाना: खात्री किती.
तिच्या हातात काठी.

पहिला तुकडा, भोपळा.
दुसरा, भोपळा.
तिसऱ्यात उंटांचा कळप, वरात गेल्यासारखा
सगळं तुडवत गेलेला.
मी लिहिलं, मागमूस नाही.
थेल्मानं कागदात डोकावून पाहिलं.
'कोणाचा नाही?'
मी म्हटलं, आपण शोधतोय त्याचा. वाल्पाजिरीचा.
'हे गवत म्हातारं झालंय. इथे आग येऊन किती वर्षं झाली.
म्हाताऱ्या गवतात तो काय खाईल? तो तिकडे गेला.'
आणि तिनं ओठांनी दक्षिण दाखवली.
'तिकडे' साठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
ऑफिसातलं कोणी समास वाचत नाही हे ठाऊक असून.

चौथा तुकडा मांजराचा.
गोल पंजा, नखं मिटलेली, चाल संथ.
'इथवर आली. इथे बसली. ऐकत राहिली.'
बसली हे कशावरून?
थेल्मानं काठीचं टोक टेकवलं:
शेपटीचा एक पुसट अर्धवर्तुळ, मी तीनदा ओलांडलेला.
'शेपूट हलतेय. म्हणजे विचार करतेय.'
विचार मी नोंदवला नाही.
मांजर, कालची, एक.

तिकडे, दक्षिणेला, जळून दोन पावसाळे झालेल्या जमिनीवर
पाचवा तुकडा.
ड्वेन आधी थांबला. मग बोलायचाही थांबला.
वाटीच्या झुडपाच्या मुळाशी उकरलेलं, अळीसाठी,
दोन लांब टाचा, पुढच्या पंजांची टोचणी,
आणि पलीकडे बीळ, दाराशी ओलसर माती,
रात्रीच बाहेर काढलेली.
थेल्मा गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली,
खांद्यापर्यंत हात आत घातला,
बाहेर काढला, हुंगला,
ड्वेनला हुंगायला दिला, मग मला.
मला मातीचा वास आला. फक्त मातीचा.
'आत आहे,' ती म्हणाली. 'झोपलाय. हळू बोल.'

आम्ही तिघं हळू बोललो.
लांब कान, निळसर राखाडी अंग, काळीपांढरी शेपटी:
सहा वर्षं मी या कामावर आहे,
त्याला जिवंत पाहिलेलं नाही.
पाहिलं ते एवढंच, तो गेलेला असणं.

खात्री किती? मी विचारलं.
'लिही,' एवढंच म्हणाली.
लिहिताना दिसलं: त्याच्या टाचेच्या खोलगट ठशात
एक गोल पंजा पडलेला, नखं मिटलेली.
तिला ते आधीच दिसलं होतं.
ती उठताना माझा दंड धरून उठली
आणि वाळू झटकण्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ घालवला.

मार्चमध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून नकाशा छापून आला.
चार पोकळ ठिपके, एक भरीव.
मी तो तिच्या पडवीत, कुत्र्यांना हाकलून, जमिनीवर पसरला.
तिनं भरीव ठिपक्याकडे पाहिलं नाही.
पोकळ ठिपक्यांवरून बोट फिरवत विचारलं,
'आपण मासे उघडून खाल्ले, डबाबंद,
ते झाड यात कुठे आहे?'
झाड नव्हतं.
तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.